फाट्यापासूनचे तीन किलोमीटर

आमच्या खानदेशात गावाचा पत्ता सांगताना आधी फाट्याचे नाव सांगतात. "फाट्यावर उतरा, तिथून तीन किलोमीटर." ऐकणाऱ्याला वाटते, तीन किलोमीटर म्हणजे कितीसे! माझ्या आपाचे शिक्षण याच तीन किलोमीटरमध्ये संपले.

गावातली मराठी शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल तालुक्याला. सकाळी फाट्यावर गाडी मिळे, पण संध्याकाळी परतीच्या गाडीतून उतरेपर्यंत अंधार पडायचा. हिवाळ्यात कपाशीच्या शेतांमधली ती वाट सहालाच काळोखात बुडे. अब्बांनी एवढेच विचारले, "जाएगी तो सही, लेकिन आएगी कैसे?" मोहल्ल्यात कोणाजवळच उत्तर नव्हते. आपा घरी बसली. काही वर्षांनी मी सायकलवर त्याच वाटेने गेलो आणि शिकलो. बाहेरचे लोक मात्र म्हणत राहिले, मुसलमान मुलींना शिकवत नाहीत. अब्बांचा प्रश्न कोणी ऐकलाच नव्हता.

गावाला रस्ता मिळतो तो डोकी मोजून. 25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट प्रदेशात 500 आणि डोंगरी-आदिवासी भागात 250 लोकवस्ती ही तिची अट. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या तडवी बांधवांची वस्ती आहे. तिथला एखादा पाडा दहा डोक्यांनी कमी भरला की यादीत मागे पडतो. त्यात मोजणीही जुनी. 2011 च्या शिरगणतीत जळगाव जिल्ह्यात 42 लाखांवर आणि धुळ्यात 20 लाखांवर माणसे होती. 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून 2024 साली मंजूर झालेल्या योजनेच्या चौथ्या टप्प्यालाही 2011 चेच आकडे धरले गेले. मधल्या काळात जन्मलेली मुले शाळेत जाऊ लागली, तरी त्या हिशेबात ती नाहीत.

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातही याची नोंद आहे. मुस्लिम वस्ती जास्त असलेल्या गावांत पक्का रस्ता आणि बसथांबा यांची सोय कमी आढळते, असे समितीने लिहिले. अहवालातल्या शिक्षणाच्या आकड्यांवर आपण पुष्कळ चर्चा केली, बसथांब्यावर फारशी केली नाही.

रस्ता झाला म्हणजे जाता-येता येते असेही नाही. पाचोरा ते जामनेर ही अडीच फूट रुंदीची 56 किलोमीटरची छोटी रेल्वे, आपल्या लोकांची 'पीजे', शंभर वर्षे धावली. शेंदुर्णी, पहूरच्या बायाबापड्या तिच्या भरवशावर बाजारहाट करत. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली, ती पुन्हा सुटली नाही. रस्ता होताच, पण रस्त्यावर काळी-पिवळी भरेपर्यंत थांबावे लागते, आणि कोंबून भरलेल्या गाडीत तेरा वर्षांच्या मुलीला एकटी बसवायला आईचा जीव होत नाही. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, मुलींना शाळेचा पासही मोफत आहे. सवलत चांगलीच. पण गाडी शाळेच्या वेळेला असेल, तरच तो पास कामाचा.

म्हणून ग्रामसभेत नुसता रस्ता मागून भागणार नाही. गावातल्या किती मुली सातवीपुढे जाणार आहेत, शाळा किती वाजता सुटते, हे ठरावात लिहून, शाळेचे पत्र जोडून आगारात द्यावे. ही यादी आपल्याला मोहल्ल्यात बसून एका संध्याकाळी करता येईल. त्यासाठी पुढच्या जनगणनेची वाट पाहायला नको.

आणि एक गोष्ट आपसांत बोलायला हवी. आपल्यापैकी काहींना गाडी नसण्याची सोयही झाली आहे. उद्या साडेपाचची गाडी थेट गावात येऊ लागली आणि तरीही तिच्यात आपल्या मुली नसल्या, तर तो दोष वाटेचा म्हणता येणार नाही.