सतरा किलोपास्कल

सिरॉसिसच्या पेशंटच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटल्या तर जीवावर बेततं. म्हणून निदान झालं की दुर्बीण घालून बघायचं, हा जुना शिरस्ता. बऱ्याच जणांच्या आत धोक्याचं काही निघायचं नाही. बावेनो परिषदेच्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये त्यावर तोड काढली. फायब्रोस्कॅनवर यकृताचा ताठरपणा २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील, पोटात पाणी वगैरे झालेलं नसेल, तर दुर्बीण टाळावी. मोठ्या शिरा नजरेतून सुटायची शक्यता ५ टक्क्यांहून कमी.

तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्यासारख्याला हा नियम म्हणजे पर्वणीच. दुर्बीण म्हटलं की पेशंट जिल्ह्याला जायचं टाळतो, मग माझ्याकडेही येत नाही.

हार्डवेअरचं दुकान असलेले एक काका होते. दारू सोडलेली, ताठरपणा १७, प्लेटलेट १ लाख ६२ हजार. मी म्हटलं, "काका, सुटलात. दुर्बिणीची गरज नाही." ते खूश, मीही खूश. त्याच नियमाचं पुढचं वाक्य मला पाठ होतं: दोन्ही तपासण्या दर वर्षी पुन्हा करायच्या. ते मी त्यांना सांगितलंच नाही. खरं तर त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला मोडवेना.

पुढे दारू पुन्हा सुरू झाली. काका आले ते थेट रक्ताची उलटी घेऊन. आधी दोन दिवस डांबरासारखी काळी शी होत होती; लोहाच्या गोळ्यांमुळे असेल म्हणून घरी कुणी मनावर घेतलं नव्हतं. सलाइन लावून जिल्ह्याला पाठवलं, तिथे शिरांना रबरबँड लावले, वाचले. प्लेटलेट तेव्हा ८८ हजार होत्या. दहा मिनिटांत होणारी साधी रक्ततपासणी, मधल्या काळात एकदाही झाली नव्हती. काकू एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच नको म्हणाला होतात ना?" उत्तर नव्हतं.

उलट्या बाजूनेही चुकलोय. औषध कंपनीने दवाखान्यात फुकट फायब्रोस्कॅनचं शिबिर लावलं होतं. (फुकटच्या शिबिरात गर्दी बघून आपणही जरा फुशारतो.) एका बाईंचा आकडा २६ आला. २५ च्या वर म्हणजे पोर्टल प्रेशर, यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब, नक्की वाढलेलं, असं धरून मी तो दाब उतरवणारी कार्व्हेडिलॉलची गोळी सुरू केली. आठवड्याने चक्कर येते म्हणून आल्या, तेव्हा बोलता बोलता कळलं, रांगेत बसण्याआधी पोहे खाल्ले होते. जेवणानंतर यकृताकडे रक्त जास्त जातं आणि आकडा फुगतो. निदान तीन तास तरी उपाशी असावं लागतं. उपाशीपोटी त्याच बाईंचा आकडा १४ निघाला. गोळी बंद केली.

आता कागदावर आकड्याशेजारी 'उपाशी' लिहितो आणि खाली पुढच्या वर्षीचा महिना. रिसेप्शनवरची मुलगी त्या महिन्यात फोन लावते. निम्मे लोक उचलत नाहीत, काहींचे नंबर बदललेले असतात.