पाच तोळ्यांचा बाण

मी आयुष्यात झुरळाखेरीज दुसऱ्या कशाचीही शिकार केलेली नाही, आणि त्यातही बहुतेक वेळा झुरळच जिंकले आहे. हे आधीच सांगून टाकतो. नाही तर पुढचे वाचून वाचकांचा माझ्याविषयी भलताच समज व्हायचा. रानरेडा मारायला कोणता बाण घ्यावा, या विषयावर मी दोन महिने खल केला, एक वही भरवली आणि शेवटी त्या बाणाला माझ्याच हातांनी धार लावली. हे घडले २०१८ साली, दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाला, मुलीच्या घराच्या मागच्या अंगणात.

मुलगी आणि जावई तिकडे नोकरीला. मे महिन्यात आम्ही दोघे नातीच्या ओढीने गेलो. तिकडे तेव्हा थंडी सुरू होते. नात सकाळी शाळेत, मुलगी-जावई कामावर. आमच्या हिने आठवड्याभरात स्वयंपाकघराचा ताबा घेतला, आणि मी मात्र उन्हाला खुर्ची सरकवत बसलो. चौतीस वर्षे चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला रिकामे हात फार जड होतात.

कुंपणापलीकडे एक गृहस्थ राहत. वय साठीच्या आसपास, हात फावड्यासारखे. नात त्यांना ‘ऊम’ म्हणायची; आफ्रिकान्स भाषेत ऊम म्हणजे काका. मग आम्हीही त्यांना ऊमच म्हणू लागलो. रोज संध्याकाळी ते मागच्या अंगणात धनुष्य घेऊन गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारत. एके दिवशी मी सहज म्हणालो, “बाण जरा वाकडा जातोय. शेपूट हलतेय.” ऊमनी माझ्याकडे पाहिले, आत गेले, आणि एक मोडका बाण आणून कुंपणावरून माझ्या हातात दिला.

“हा का मोडला, सांगता येईल?” त्यांनी विचारले.

टूलरूमवाल्याला मोडकी वस्तू दाखवणे म्हणजे भटजींना जेवायला बोलावण्यासारखे आहे. मी चष्मा लावला. कार्बनची पोकळ काठी, पुढे तिच्यात बसवलेला ॲल्युमिनियमचा जोड, आणि जोडावर फाळ. जोड वाकला होता आणि त्याच्यामागची काठी चिरफाळली होती. फाळ होता आपटल्यावर छत्रीसारखा उघडणाऱ्या जातीचा. त्याची एक पाती गायब आणि दुसरी वळलेली. “बाण दगडावर बसला का?” मी विचारले.

“नाही,” ऊम म्हणाले, “रेड्यावर.”

मग हळूहळू हकीकत बाहेर आली. आदल्या वर्षी ते लिंपोपो प्रांतात एका खासगी शिकाररानात गेले होते. परवाना होता, सगळे कायदेशीर. कळपातून बाहेर पडलेला एक म्हातारा नर त्यांनी निवडला. अशा नरांना तिकडे ‘डग्गा बॉय’ म्हणतात. डग्गा म्हणजे चिखल, कारण ते तासन्‌तास चिखलात लोळतात. बत्तीस मीटरवरून बाण सोडला. तो खांद्याच्या हाडावर बसला आणि मोडला. रेडा काटेरी झुडपांत शिरला. माग काढणाऱ्यांना तो दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. जिवंत होता. शेवटी बंदुकीने संपवावा लागला.

“रात्रभर तो कुठे तरी उभा होता,” ऊम म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. बाण त्यांनी फेकून दिला नव्हता आणि घरात कुणाला दाखवलाही नव्हता.

रात्री ही गोष्ट मी हिला सांगितली. ही म्हणाली, “मग जाऊच नये ना माणसाने! अहो, आपण पोळ्याला बैलाच्या पाया पडतो, आणि तुम्ही त्याच्या भावाला मारायला मदत करणार?” प्रश्न बिनतोड होता. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि मलाही ते योग्यच वाटते. पण ऊम जाणार हे ठरलेले होते. जुलैचा परवाना हातात होता. मी मदत केली नाही, तर ते तसलाच बाण घेऊन जाणार. दोन दिवस मी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कुंपण ओलांडले.

बाण मारतो कसा, हेच मला आधी शिकावे लागले. गोळीच्या तडाख्याने जनावर कोसळते. बाणाला तसला तडाखा नसतो. बाण मारतो तो कापून. फुप्फुसे किंवा हृदय कापले गेले पाहिजे, तर जनावर थोड्याच वेळात रक्त जाऊन पडते. आता हा केप बफेलोचा नर भरतो ७०० ते ८०० किलो. कातडी जाड, तीवर वाळलेल्या चिखलाचा थर. बरगड्या चपट्या, रुंद, आणि मंगलोरी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या. दोन बरगड्यांमधून बाण सरकवण्याची सोयच निसर्गाने ठेवलेली नाही. म्हणजे हाड लागणार, हे धरूनच चालायचे.

ऊमकडे एड ॲशबी या अमेरिकन गृहस्थाचे लेख होते. या माणसाने १९८० च्या दशकात नाताळमध्ये आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या म्हशींवर कोणता बाण किती आत शिरतो, याची वर्षानुवर्षे मोजदाद केली. वाचता वाचता मला आमच्या कारखान्याची आठवण आली. मोडलेले ड्रिल नुसते टाकून न देता ते का मोडले हे लिहून ठेवणारा माणूस मला नेहमीच आवडत आला आहे. त्याचे म्हणणे असे, की पहिली गोष्ट बाण मोडता कामा नये. दुसरी, तो सरळ गेला पाहिजे. मग फाळाचा आकार आणि धार. आणि मग वजन. ऊमनी केले होते बरोबर उलटे. त्यांनी आधी वेगवान धनुष्य घेतले, आणि वेग वाढावा म्हणून बाण हलका ठेवला.

तिकडे बाणाचे वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. ऊमचा मोडका बाण ४५० ग्रेनचा होता. हिला काही केल्या ग्रेन कळेनात. तेव्हा मला आठवले, की आपला जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. म्हणजे तो बाण झाला अडीच तोळ्यांचा. ही हातातली भाजी चिरता चिरता थांबली. “अडीच तोळे? एवढ्याने रेडा मरतो?”

“नाही मेला, तेच तर सांगतोय.”

आम्ही ठरवला पाच तोळ्यांचा, ९०० ग्रेनचा. ऊमना धास्ती, की वजन दुप्पट म्हणजे वेग निम्मा. पण तसे होत नाही. धनुष्य हलक्या बाणाला आपली सगळी ताकद देऊच शकत नाही. उरलेली दोरीच्या थरथराटात आणि आवाजात जाते. वेग मोजायचे यंत्र आणून पाहिले. हलका बाण सेकंदाला २९० फूट जात होता, जड बाण २१५ फूट. वेग पावपट घटला, पण वजन आणि वेग यांचा गुणाकार जवळजवळ दीडपट झाला. आणि आत शिरताना कामाला येतो तो हा गुणाकार. शिवाय धनुष्याचा आवाज कमी झाला. तोटा एवढाच, की जड बाण लांबवर लवकर खाली झुकतो. तेव्हा ठरले, की वीस मीटरपलीकडून बाण सोडायचा नाही. हा नियम ऊमना जड गेला. पण त्यांनी तो माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला.

वजन पुढच्या बाजूला हवे, म्हणजे बाण सरळ ओढला जातो. म्हणून ३०० ग्रेनचा फाळ आणि ॲल्युमिनियमच्या जागी १०० ग्रेनचा पोलादी जोड. पुढे एवढे वजन आले, की सोडताना काठी जास्त लवते, म्हणून काठी जास्त ताठ घ्यावी लागली. काठी फाळाच्या बुडापेक्षा जाड असता कामा नये. नाही तर फाळाने पाडलेल्या भोकात तीच अडकते. छत्रीछाप फाळ बाद. त्याऐवजी दोनच पात्यांचा, अखंड, रुंदीच्या तिप्पट लांबीचा फाळ, आणि त्याला धार पटाशीसारखी एकाच बाजूने. अशी धार आत शिरताना वळत जाते आणि हाडाला फट पाडते. फक्त धारेचा उतार आणि पिसांचा पीळ एकाच दिशेचा हवा.

दुकानातून तीन प्रकारचे फाळ आणले. मी माझी पद्धत लावली. प्रत्येकाच्या बुडाशी कानस घासून पाहिली. एकावर कानस लोण्यात फिरावी तशी फिरली: पाणी कमी दिलेले, धार वळणार. दुसऱ्यावर नुसतीच घसरली: पाणी जास्त, टवका उडणार. तिसऱ्याला कानस लागली, पण कुरकुरत. “हा,” मी म्हणालो.

ऊमच्या मनात धनुष्यही बदलायचे होते. ८० पौंडांचे होते, ते ९० चे घ्यायचे म्हणत होते. मी त्यांना स्टुलावर बसवले आणि म्हटले, “आहे तेच धनुष्य, हात वर न उचलता, सावकाश ओढून दाखवा.” कप्प्यांची ही धनुष्ये पूर्ण ओढल्यावर हलकी होतात, ८० चे सोळा पौंडच हाताला लागतात, पण तिथवर पोचायला आधी ८० ओढावेच लागतात. ऊमचा खांदा कुरकुरला, चेहरा लाल झाला. नव्या धनुष्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

उरली धार. लहानपणी आमच्या गल्लीतले न्हावीबुवा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा मारीत, ते मी तासन्‌तास पाहत असे. जावयाचा जुना कमरपट्टा मागून घेतला. आधी दगड, मग बारीक दगड, मग पट्टा. सहा फाळांना तीन दिवस लागले. हातावरचे केस निघेपर्यंत मी थांबलो नाही. नातीने विचारले, “आजोबा, तुमच्या एका हाताला केस का नाहीत?” मी काही तरी थाप मारली. शेवटच्या फाळाला पट्टा मारताना मात्र मनात आले, की हा आता माझाही बाण आहे. उद्या तो रेडा पुन्हा रात्रभर उभा राहिला, तर ते माझ्याही हिशेबी लागणार.

जुलैत ऊम गेले. मला चला म्हणाले. मी नाही गेलो. चार दिवस मी घरात नीट जेवलो नाही. हिने विचारले नाही, पण दर संध्याकाळी कुंपणापलीकडे गाडी आली का, हे तीही पाहत होती.

पाचव्या दिवशी ऊम आले. पहिले दोन दिवस रेडा पाणवठ्यावर आला तो तोंड समोर करून उभा राहिला; त्यांनी बाण सोडला नाही. तिसऱ्या संध्याकाळी अठरा मीटरवर आडवा उभा राहिला, पुढचा पाय पुढे टाकून. बाण खांद्याच्या मागे, खालच्या बाजूला बसला, बरगडी फोडून आरपार गेला आणि पलीकडच्या मातीत सापडला. रेडा सत्तर पावले गेला आणि पडला. शेजारी बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ती खांद्याला लावावीही लागली नाही.

ऊमनी बाण माझ्या हातात दिला. फाळाच्या टोकापासून बोटभर अंतरावर धारेला तांदळाएवढा टवका होता. बाकी धार तशीच. त्या धारेकडे पाहून मला बरे वाटले, आणि बरे वाटले याचे वाईटही वाटले. दोन्ही खरे आहे, म्हणून दोन्ही लिहितो.

घरी आलो. ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. वळली नाही, फक्त विचारले, “फार वेळ तळमळला का हो?”

“नाही. सत्तर पावले.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हात धुऊन घ्या. पान वाढते.”

निघताना ऊम मला काही तरी भेट देऊ पाहत होते. मी आदल्या वर्षीचा तो वाकलेला ॲल्युमिनियमचा जोड मागून घेतला. ते क्षणभर घुटमळले, मग काढून दिला. आता तो माझ्या टेबलावर टाचण्यांच्या डबीत असतो. वजन केले एकदा सोनाराकडे. पाव तोळासुद्धा भरला नाही.