ज्यांची नावं छापता आली नाहीत

पीएच.डी.च्या प्रबंधात ऋणनिर्देशाचं एक पान असतं. मार्गदर्शक, विभागप्रमुख, आई-बाबा, सोबतचे विद्यार्थी, सगळ्यांची नावं मी त्यात रीतसर लिहिली. ज्यांच्या रक्तावर तो प्रबंध उभा राहिला, त्यांतल्या एकाचंही नाव मात्र लिहिता आलं नाही. नियमच तसा होता: नळीवर फक्त संकेतांक.

माझा विषय क्षयरोग आणि प्रतिकारशक्ती. क्षयाचा जंतू मोठा चिवट. त्याला गिळायला आलेल्या मॅक्रोफेज पेशीतच तो बिऱ्हाड थाटतो. टी पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा सोडला, की मॅक्रोफेजला त्याच्याशी झुंजायचं बळ येतं. रुग्णांच्या टी पेशी तो किती सोडतात, हे मी मोजत होते. त्यासाठी शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात जावं लागे.

तिथले एक काका आठवतात. शिंपीकाम करणारे, अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. संमतीपत्र वाचून दाखवताना ‘यातून तुम्हाला स्वतःला फायदा होणार नाही’ या वाक्याशी माझी जीभ अडखळायची. काका मास्कआडून म्हणाले, “कळलं ताई. मागून येणाऱ्याला होईल ना? मग घ्या.” आणि बाही वर सारली.

ते रक्त फायकॉल नावाच्या दाट द्रावावर इतकं हळू सोडायचं, की थर मोडता कामा नये. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली, की मधोमध पांढऱ्या पेशींचं धुरकट कडं दिसतं. ते पिपेटनं अलगद उचलायचं. पुढे इंटरफेरॉन मोजायच्या एलायझा चाचणीच्या प्लेटमध्ये शेवटी आम्ल घातलं, की निळा रंग पिवळा होतो. जितका गडद, तितका इंटरफेरॉन जास्त. आलेखावर काकांचा एक ठिपका झाला.

आमच्या शास्त्रावर हे ऋण जुनंच आहे. १८९७ साली मुंबईत प्लेग थैमान घालत असताना शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली गेली. ते स्वेच्छेनं पुढे आले असं सांगतात. गजाआडच्या माणसाची स्वेच्छा ती किती! परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं. त्या कैद्यांची नावं माझ्या तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हती.

आता माझ्या हाताखाली विद्यार्थी आहेत. नव्यानं आलेल्याला मी आधी रुग्णालयात पाठवते. संमतीपत्र त्यानंच वाचून दाखवायचं, प्रश्नांना नीट उत्तरं द्यायची, आणि कुणी नाही म्हणालं तर आभार मानून परत यायचं. फायकॉल काय, नंतरही शिकता येतं.