चितेगांवाहून श्रीवर्धनास

छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाणाऱ्या सडकेवर चितेगांव हें आमचें हल्लींचें वस्तीचें ठिकाण. पूर्वीं हें ज्वारी-कपाशीचें गांव; पुढें कारखाने आले, आणि आतां येथें पाळीचा भोंगा देवळांतील घंटेहून अधिक नेमानें ऐकूं येतो. समुद्र येथून दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर. येथील मनुष्य आकाशाकडे पाहतो तो पावसासाठीं. समुद्रावरील वादळाची पंचाईत त्यास कशाला? आम्हीहि त्यांतलेच. परंतु आमच्या मातुःश्रींचें माहेर श्रीवर्धनचें. तेथें आमचे मामेबंधु (आम्ही त्यांस दादा म्हणतों) व वहिनी पोफळीची वाडी राखून राहतात. त्यामुळें जून २०२० मध्यें, टाळेबंदीच्या त्या दिवसांत, आमचे कान अरबी समुद्राकडे लागले.

३१ मे रोजीं समुद्राच्या आग्नेय भागांत हवेचा दाब उतरला. २ जूनला दुपारीं त्याचें चक्रीवादळ झालें व त्यास ‘निसर्ग’ हें नांव मिळालें. तेरा राष्ट्रांनीं मिळून केलेल्या नव्या यादींतलें हें पहिलेंच नांव, आणि तें सुचविलें बांगला देशानें. ‘नि’ उपसर्गपूर्वक ‘सृज्’ धातु मुलांस शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. उत्पत्तीचा धातु संहारकाच्या गळ्यांत पडलेला पाहून एरवीं आम्हांस हंसूं आलें असतें.

वेधशाळेचें म्हणणें असें कीं, वादळ ३ जूनला हरिहरेश्वर व दमण यांच्या दरम्यान, अलिबागेनजीक, किनारा ओलांडील; आणि भरतीच्या पाण्यावर आणखी एक ते दोन मीटर पाणी चढेल. आम्हीं तात्काळ दादांस फोन केला. ते म्हणाले, “अरे, हरिहरेश्वर कोठें आणि दमण कोठें! एवढ्या पट्ट्यांत कोठें तरी लागेलच कीं! शिवाय वेधशाळेनें पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरीं ठेवावी, हें कोणी शिकविलें आम्हांला?”

तें आम्हींच शिकविलें होतें. वर्गांत आणि पंक्तींत हा विनोद आम्हीं किती वेळां केला असेल याची गणती नाहीं. आतां तो आमच्याच अंगावर परत आला, आणि उत्तर सुचेना. सुदैवानें सायंकाळीं तलाठी व कोतवाल दारांत येऊन उभे राहिले, वहिनींनीं देवांचा डबा उचलला, आणि दोघें शाळेच्या पक्क्या इमारतींत गेलीं. एवढें कळलें, पुढें फोन बंद.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, ताशीं एकशें दहा ते एकशें वीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्यानिशीं, वादळ श्रीवर्धन-दिवेआगराच्याच बाजूस जमिनीवर आलें. रात्रीं चितेगांवास बारीक पाऊस लागला. तेंच वादळ क्षीण होऊन उत्तर महाराष्ट्रांतून विदर्भाकडे चाललें होतें. जें दादांच्या घरावरून गेलें त्याचेंच पाणी आमच्या पागोळ्यांना, आणि दादांची वार्ता मात्र नाहीं! पांच दिवस असे गेले. सहाव्या दिवशीं कोणा तरुणानें डोंगरावर चढून फोन लावला, तेव्हां दोघें सुखरूप असल्याचें कळलें.

प्रत्यक्ष जाणें घडलें तें जानेवारी २०२१ मध्यें. वाटेंत पुण्यास मुक्काम केला व शिवाजीनगरांतील ‘शिमला ऑफिस’ या वेळीं मुद्दाम थांबून पाहिलें. शिमल्याचें नांव पुण्यांत कसें, हें कोडें अनेकांस पडतें. १८६४ च्या ऑक्टोबरांत कलकत्त्यास भयंकर वादळ झालें, पुढें दोन वेळां पावसानें दगा दिला, आणि १८७५ मध्यें सरकारनें हवामानखातें काढलें. त्याची मुख्य कचेरी कलकत्त्याहून शिमल्यास आणि १९२८ मध्यें शिमल्याहून पुण्यास आली. १९४४ मध्यें ती दिल्लीस गेली. नांव मात्र राहिलें.

ताम्हिणी घाट उतरून माणगांव, म्हसळें करीत श्रीवर्धनास पोंचलों. पेशव्यांच्या या मूळगांवीं बाळपणीं आम्ही आलों तेव्हां वाडींत भर दुपारीं ऊन जमिनीस लागत नसे. आतां पोफळी मोडून आडव्या पडलेल्या, आणि सहा महिन्यांनंतरहि ओंडके निघतच होते. घरावर कौलांऐवजीं ताडपत्री होती. पोफळ लावल्यावर सुपारी धरण्यास सहा-सात वर्षें लागतात. दादांचें वय तेव्हां चौऱ्याहत्तर.

आम्हांस वाटलें, दादा वेधशाळेवर रागावले असतील. ते म्हणाले, “वाडी कांहीं उचलून शाळेंत नेतां येत नाहीं. माझी खाट ज्या खोलींत होती तिच्यावर आढें पडलें, तें बघ.” आम्हीं पाहिलें, बोलवेना.

तेवढा रुंद पट्टा कां सांगतात, हेंहि तेथेंच नीट उमगलें. उपग्रह वरून पाहतो, मुंबईचें व गोव्याचें रडार बाजूनें पाहतें, तरी वादळाची उद्याची वाट एका रेषेनें दाखवितां येत नाहीं. वेळ जितका लांबचा तितका तो पट्टा फांकत जातो. वादळाचा मध्य दक्षिणेकडून गेला म्हणून आमच्या परिचयाच्या मुंबईकरांनीं वेधशाळेची टर उडविली. श्रीवर्धनांत ती कोणी उडवीत नव्हतें. ओरिसांत १९९९ च्या वादळानें सुमारें दहा हजार माणसें नेलीं; २०१३ मध्यें ‘फायलिन’ आलें तेव्हां सुमारें दहा लाख लोक आधींच हलविले होते, आणि मृतांचा आंकडा शंभराच्या आंत राहिला.

दादांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. बंदरावर धोक्याचे अकरा क्रमांकांचे बावटे असतात. दिवसा शंकु व नळकांड्यांच्या आकृति, रात्रीं दिवे. दहावा म्हणजे महासंकट. मग अकरावा कशाचा? तर वेधशाळेशीं दळणवळणच तुटलें, आणि बंदराच्या अधिकाऱ्यास स्वतःस धोका दिसतो आहे, याचा. “ते पांच दिवस तुझ्या घरीं अकरावाच होता म्हणायचा,” असें म्हणून ते हंसले.

१६ मे २०२१ रोजीं सकाळीं चितेगांवास फोन खणखणला. ‘तौक्ते’ वादळ अरबी समुद्रांतून उत्तरेस सरकत होतें. “आम्ही शाळेंत आलों आहों,” दादा म्हणाले, “तलाठी अजून यायचा आहे.” वादळ समुद्रांतूनच वर सरकत १७ च्या रात्रीं सौराष्ट्रास लागलें. वाडींतलीं नवीं रोपें त्या वेळीं गुडघ्याएवढीं होतीं. वहिनींनीं त्यांस काठ्या बांधून ठेविल्या होत्या.