एका सहीचे घर

‘एकल पालक’ हा शब्द मराठीत अलीकडच्या काळात रुळला. शब्द सुटसुटीत आहे, सभ्य आहे आणि शासकीय परिपत्रकात शोभूनही दिसतो. परंतु बेळगाव-निपाणीच्या आमच्या सीमाभागात त्या एका शब्दाच्या सावलीत निदान चार निरनिराळ्या स्त्रिया उभ्या असतात. पहिली विधवा. दुसरी नवऱ्याने टाकलेली. तिसरी ती, जिचा नवरा मुंबईच्या गिरणीत कामाला होता आणि १९८२ च्या संपानंतर ना तो परतला, ना त्याची काही वार्ता आली. चौथी देवीला सोडलेली; तिच्या लेकरांना बाप असतो, पण बापाचे नाव नसते. एकट्याने मुले वाढवणारे पुरुषही असतात, हे आम्ही जाणतो. तथापि त्यांच्या चुलीपाशी बहुधा आजी, आत्या किंवा दुसरी पत्नी येऊन बसते. बाईच्या घरात मात्र कमावणारी तीच, रांधणारी तीच आणि शाळेच्या कागदावर सही करणारीही तीच.

निपाणी हे तंबाखूचे गाव. वखारीत तंबाखू कुटायची, चाळायची, पोत्यांत भरायची हे काम वर्षानुवर्षे स्त्रियांनी केले. घरी बसून विड्या वळणाऱ्या त्याहून निराळ्या; त्यांचा हिशेब हजारावर, आणि त्यातूनही ‘छाट’ म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे वजा. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली निपाणीत झालेले शेतकऱ्यांचे आंदोलन सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच सुमारास वखारीतील बायकांना प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संघटित केले, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-समूहाने या कामगार स्त्रियांवर माहितीपट केला, म्हणून त्यांचे चेहरे तरी उरले.

आमच्या मातोश्री त्या वखारीतल्याच. १९६६ साली वडील गेले तेव्हा आम्ही सहा वर्षांचे होतो. सायंकाळी त्या घरी येत तेव्हा लुगड्याला येणाऱ्या तंबाखूच्या उग्र दर्पाने आम्हांला शिंका येत, आणि त्या हसून म्हणत, “शिकून मोठा हो, मग ह्यो वास जाईल बघ.” त्यांना सही येत नव्हती. आमच्या प्रगतिपुस्तकावर त्यांचा अंगठा असे; शाईचा आणि तंबाखूचा रंग त्यात वेगळा काढता येत नसे.

१९७७ साली आम्ही महाविद्यालयात गेलो. निपाणी शहर कर्नाटकात आणि त्याला लागूनच असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. तेथील देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. घरून पायी जाता येई, मात्र वाटेत राज्य बदलत असे. पायांना त्याचे काही वाटले नाही, अर्जाला वाटले. महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी ई.बी.सी. फी-सवलत होती. आमचा अर्ज एका कचेरीतून ‘पालकाचे वास्तव्य परराज्यात’ या शेऱ्यासह परत आला. दुसऱ्या राज्याच्या कचेरीने ‘महाविद्यालय परराज्यात’ असे उत्तर दिले. दोन्ही उत्तरे आपापल्या नियमास धरूनच होती, आणि दोन नियमांच्या मधोमध एक विधवा बाई अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून उभी होती.

फी भरली ती भिशीने. वखारीतल्या बारा जणींची ती भिशी होती. त्या महिन्याचा नंबर दुसऱ्याच एका मावशींचा होता. त्यांनी तो मातोश्रींना दिला. “माझं छप्पर पुढच्या पावसाळ्याला शाकारीन, पोराची फी थांबत न्हाई,” एवढेच त्या बोलल्या. आम्हांला मिळालेली पहिली शिष्यवृत्ती ती. तिला गुणांची अट नव्हती, रहिवासाची नव्हती, आणि दाखलाही लागला नाही. त्या बारा जणींपैकी सात जणी एकट्याने घर ओढणाऱ्या होत्या. एकटीचे दुःख एकटीलाच कळते, हे यामागचे सरळ कारण असावे.

पुढे १९८५ साली आम्ही कर्नाटक राज्य शासनाच्या सेवेत रुजू झालो आणि २०२० साली निवृत्त झालो. घर मराठी, दप्तर कन्नड. या पस्तीस वर्षांत खिडकीच्या आतल्या बाजूने जे पाहिले, त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. साहाय्य गरजेच्या मागे जात नाही. ते कागदाच्या मागे जाते. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो. घटस्फोटितेकडे न्यायालयाचा हुकूमनामा असतो. टाकलेल्या बाईकडे मात्र काहीच नसते. नवरा जिवंत आहे, शिधापत्रिकेवर त्याचे नाव आहे, सातबारावर त्याचा हिस्सा आहे. उत्पन्नाचा दाखला काढायचा तर त्याचे उत्पन्न मोजले जाते. ते तिच्या हाती एक पैसाही पडत नसला तरी. निशा शिवूरकर यांनी ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या पुस्तकात परित्यक्तांच्या चळवळीची हकिकत मांडली आहे. ती वाचताना आमच्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या कितीतरी बायका आम्हांला पुन्हा दिसल्या.

त्यांतली एक आठवते. चिकोडीकडच्या खेड्यातली. मुलीला बारावीत चांगले गुण होते. आम्ही विचारले, “नवरा कोठे असतो?” ती म्हणाली, “साहेब, त्यो पलीकडच्या गल्लीत असतोय. रोज दिसतोय. कागदावर तेवढा आणू नगा.” शासनाच्या कोणत्याही रकान्यात हे उत्तर बसत नव्हते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील ज्येष्ठ प्रौढ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले, ही मोठी गोष्ट झाली. निदान एका कागदावर तरी बाईचे नाव आधी आले.

चौथ्या स्त्रीची अडचण याहून कठीण. देवदासी समर्पणास बंदी करणारा कायदा कर्नाटकाने १९८२ साली केला आणि तो १९८४ मध्ये अमलात आला. सौंदत्तीच्या यल्लमाच्या नावाने सोडलेल्या मुली आमच्या जिल्ह्यात गावोगाव होत्या. त्यांची मुले शाळेत आली, पुढे महाविद्यालयाच्या दारापर्यंत आली आणि ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापाशी अडली. कोणी देवाचे नाव लिही, कोणी मामाचे. कोणी रकाना मोकळा सोडी आणि अर्ज परत येई. न्यायालये या बाबतीत हळूहळू पुढे सरकली. गीता हरिहरन प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने आईच्या पालकत्वाचा अर्थ व्यापक केला. २०१५ साली त्याच न्यायालयाने अविवाहित मातेला वडिलांचे नाव न सांगता पालकत्व मागता येईल असा निर्णय दिला. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लावणे बंधनकारक केले. कायदा बदलला की छापील अर्जही त्याच दिवशी बदलतात, असे मात्र होत नाही. अर्ज छापणारा जुनाच गठ्ठा संपवीत बसतो.

आता रकमांकडे पाहू. विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. त्या योजनेतून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते: पदवीसाठी वर्षाला ६,००० रुपये, आणि अभियांत्रिकी-वैद्यकीसारख्या शिक्षणास २५,००० रुपये. हा निधी विडीवरील उपकरातून उभा राही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर रद्द झाला, आणि योजना अंदाजपत्रकातील तरतुदीवर अवलंबून राहिली. ६,००० रुपये म्हणजे महिना ५०० रुपये. कर्नाटकात विधवेचे निवृत्तिवेतन २०२१ पासून महिना ८०० रुपये आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांना ‘विद्यासिरी’ योजनेतून दहा महिन्यांचे साहाय्य मिळते. २०२३ पासून ‘गृहलक्ष्मी’चे महिना २,००० रुपये कुटुंबप्रमुख स्त्रीच्या नावे दिले जातात, आणि एकटीच्या घरात त्यांचा आधार खरोखर मोठा असतो. हे सारे एकत्र हाती आले तर एक मूल पदवीपर्यंत जाऊ शकते. पण प्रत्येकाची कचेरी वेगळी, मुदत वेगळी आणि दाखले वेगळे. पाच खिडक्यांपुढे उभे राहायचे म्हणजे पाच दिवसांची मजुरी गेली.

आमच्या मते खरी मेख मात्र निराळ्याच ठिकाणी आहे. ती अठराव्या वर्षात आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून एकल पालकांच्या मुलांना साहाय्य मिळते. ते अठराव्या वर्षी थांबते. फौजदारी कायद्यानुसार बापाकडून मुलासाठी मिळणारी पोटगी सज्ञान होताच थांबते. म्हणजे शाळेची फी जवळजवळ नसते तोवर मदत चालू, आणि महाविद्यालयाची फी, खोलीचे भाडे, बसचा पास यांचा खर्च सुरू होतो त्याच दिवशी मदत बंद! मूल सज्ञान झाले म्हणजे कमावते झाले, असे कायद्याने धरले. पूर्वी ते खरेही असेल. वखारीच्या दारात अठराव्या वर्षाची कोणी वाट पाहत नसे. पण ज्या घराने मुलाला वखारीपासून दूर ठेवायचे ठरवले, त्या घराची शिक्षा म्हणूनच जणू हा नियम राहिला आहे.

सीमाभागाचे दुखणे याच्यावर आणखी. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांना तेथील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात स्वतंत्र स्थान आहे. १९५६ पासूनच्या वादातून निदान हा एक दरवाजा उघडला, हे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो. परंतु प्रवेश आणि निर्वाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल्हापुरास प्रवेश मिळालेल्या मुलीची आई निपाणीत विड्या वळते. तिच्या योजना कर्नाटकाच्या, खर्च महाराष्ट्रातला. २००४ साली दाखल झालेला सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात चालत राहील तेवढा राहो. दोन राज्यांच्या दाखल्यांनी परस्परांना ओळखावे, एवढ्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

या साऱ्यात एक व्यक्ती आपण नेहमी विसरतो: आई स्वतः. शिष्यवृत्ती म्हटली की ती लेकराची, असे आपण गृहीत धरतो. परंतु मराठी स्त्रीशिक्षणाच्या आरंभीच्या काळात एकट्या आयाही होत्या. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ साली वारले तेव्हा मनोरमा तान्ही होती. पुढल्याच वर्षी त्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला शिकण्यास गेल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे पुढच्या बाया कर्वे. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या एका मुलाच्या विधवा माता. अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमात त्या शिकल्या आणि पुढे त्याच संस्थेसाठी दारोदार निधी मागत अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. त्या काळी आईला शिकू द्यायचे तर मूल कोणी सांभाळायचे, हा प्रश्न आश्रमाने सोडवला होता. आज तिशीतली एखादी परित्यक्ता मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊ म्हणते, तेव्हा फीपेक्षा तोच प्रश्न तिला अडवतो: परीक्षेच्या रविवारी लेकरू कोणापाशी ठेवू?

उपाय फार मोठे नाहीत. साहाय्याची मुदत वयावर न ठेवता पदवी पूर्ण होण्यावर ठेवावी. परित्यक्तेचे प्रतिज्ञापत्र आणि स्थानिक चौकशी यांवर दाखला द्यावा. नवऱ्याची सही मागू नये. महाविद्यालयाने प्रवेशाच्याच दिवशी एका प्राध्यापकाकडे अशा विद्यार्थ्यांची यादी सोपवावी. यांतील शेवटच्या गोष्टीस तर शासननिर्णयाचीही गरज नाही.

निवृत्तीनंतर जून-जुलैत आम्ही आणि आमचे एक शिक्षकमित्र दर शनिवारी निपाणीत अर्ज भरून देण्यास बसतो. पैसे आमच्यापाशी नाहीत. कोणता दाखला कोठे मिळतो एवढे ज्ञान आहे. परवाच्या हंगामात एक बाई मुलाचा अर्ज भरून झाल्यावरही उठेनात. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून आपली स्वतःची दहावीची गुणपत्रिका काढली, जुनी, घडीवर फाटलेली, आणि विचारले, “काका, हिच्यावर आता काय होतंय का?”

आम्ही नवा अर्ज पुढे ओढला.