वाजंत्र्यांची पंगत शेवटी का?

लग्नात वाजंत्री सगळ्यांना हवेत, पण त्यांचं ताट कुठं मांडायचं हे कुणी विचारत नाही. यंदाच्या लग्नसराईत बातमीसाठी फिरताना हे पुन्हा पाहिलं, अन् आठवले पूर्व युरोपातले ज्यू फिडलवाले.

फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन. पोलंड-युक्रेनकडे यिडिश बोलणाऱ्या ज्यूंच्या लग्नात वाजवणाऱ्यांना 'क्लेझमर' म्हणत. शब्द मूळ हिब्रू, अर्थ गाण्याची वाद्यं. म्हणजे माणसाला नाव पडलं ते वाद्याचं! लग्नाआधी नवरीला मध्ये बसवायचे. एकजण यमकं जुळवत तिला आता बालपण सरलं म्हणून सांगायचा, आणि फिडल असं रडायचं की बायांचे डोळे भरून यायचे. आपल्या पाठवणीची सनई आठवा. एवढं करूनही 'क्लेझमर' हा शब्द हिणवायलाच वापरत. पोटासाठी काहीजण न्हाव्याचंही काम करत.

गंमत बघा, याच माणसाला कलेनं डोक्यावर घेतलं. शोलेम अलायखेम यांनी १८८८ मध्ये 'स्टेम्पेन्यू' कादंबरी लिहिली, ती बेर्दिचेवच्या खऱ्या फिडलवाल्यावर बेतलेली. चित्रकार मार्क शागाल यांनी १९२० मध्ये मॉस्कोच्या यिडिश थिएटरसाठी हिरव्या चेहऱ्याचा फिडलवाला रंगवला. १९६४ चं 'फिडलर ऑन द रूफ' हे नाटक शोलेम अलायखेम यांच्या तेव्ये गवळ्याच्या कथांवरचं. पण छपरावरचा फिडलवाला त्या कथांत नाहीच, तो आला शागाल यांच्या चित्रांवरून.

१९३६ च्या 'यिडल मिटन फिडल' सिनेमात मॉली पिकॉन पोराच्या वेशात, फिडल घेऊन बापासोबत गावोगाव फिरते. शूटिंग पोलंडात झालं. तीनच वर्षांत महायुद्ध पेटलं, आणि नाझींनी ती गावंच्या गावं संपवली. लग्नं नाहीत, तर वाजवणार कुणासाठी?

तरी चाली उरल्या. कारण मोईसेई बेरेगोव्स्की नावाचा अभ्यासक त्याआधीच युक्रेनात फिरून त्या ध्वनिमुद्रित करत होता, कागदावर उतरवत होता. त्यालाही १९५० मध्ये सोव्हिएत सरकारनं अटक करून छावणीत धाडलं. पण संग्रह वाचला. १९७० च्या दशकात अमेरिकेत तरुण पोरं हे संगीत पुन्हा वाजवू लागली, ती अशाच जपलेल्या वह्यांच्या आणि जुन्या तबकड्यांच्या जोरावर.

आपल्याकडं युद्ध नाही, डीजे पुरेसा आहे. आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या सनईवाल्यांच्या चाली कोण लिहून ठेवतंय? म्हणून एक विनंती. पुढच्या लग्नात मोबाइल काढलाच, तर वाजंत्र्यांची एक चाल पूर्ण रेकॉर्ड करा, वाजवणाऱ्याच्या नावागावासकट. आणि हो, त्यांना पहिल्या पंगतीला बसवा.