माँमार्त्रच्या टेकडीवरील एक तास

पॅरिसला आलेले बहुतेक प्रवासी माँमार्त्रची टेकडी चढतात ते खालच्या नगरीची शोभा पाहण्यासाठी. आम्ही चढलो ते येशूच्या परमपवित्र हृदयाच्या मंदिरात रात्रीच्या आराधनेसाठी नाव नोंदवून. १८७० च्या युद्धात फ्रान्सचा पाडाव झाला, तेव्हा राष्ट्राच्या पापांचे प्रायश्चित्त म्हणून हे मंदिर बांधण्याचा नवस बोलला गेला. १८७३ साली राष्ट्रसभेने त्यास संमती दिली. मात्र १८७१ च्या बंडाची ठिणगी याच टेकडीवर पडली होती. त्यामुळे कित्येक पॅरिसकरांना ही शुभ्र वास्तू खुपत आली. आपल्या पापांचा झाडा दुसऱ्याने घेतलेला कोणाला रुचेल?

येथे १८८५ पासून पवित्र साक्रामेंताची आराधना अहोरात्र अखंड चालू आहे. १९४४ साली जवळच बॉम्ब पडून तावदाने फुटली, तरी ती थांबली नाही.

आमचा तास दोन ते तीनचा. वर भव्य चित्रात बाहू पसरलेला ख्रिस्त. खाली गुडघे टेकलेली पाचसहा माणसे. आम्ही स्वदेशासाठी प्रार्थना आरंभिली आणि पुढाऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे दोष मोजू लागलो. मोजता मोजता आठवले, वडिलोपार्जित शेताच्या बांधावरून थोरल्या बंधूंशी आमचा अबोला आहे. त्यास नऊ वर्षे झाली.

पहाटेच्या मिस्सात सारे ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास उठले. आम्ही जागीच राहिलो. पायऱ्या उतरून प्रथम टपालकचेरी शोधली.